गंज, झीज आणि कळा : लालबागच्या विळीचा इतिहास

१

लोखंड व पोलाद यांचा आपल्याकडील इतिहास बहुधा शस्त्रागारापासून सुरू होतो आणि कारखान्यापाशी संपतो. तलवार, तोफ, रूळ आणि यंत्र ही त्याची ठरलेली प्रकरणे होत. ज्या पोलादी पात्याशी घरातील स्त्रीचा दिवसातून दोन वेळा संबंध येत असे, ती स्वयंपाकघरातील विळी या इतिहासात क्वचितच दृष्टीस पडते. वस्तू फार परिचयाची झाली म्हणजे तिच्याकडे साधन म्हणून पाहिले जाते, पुरावा म्हणून पाहिले जात नाही. विळीचे तसेच झाले आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय विळीच्या पात्याचा पृष्ठभाग हा आहे. साध्या कर्बयुक्त पोलादाच्या पात्यावर वापरात दोन प्रकारचे थर चढतात. एक तांबूस, भुसभुशीत आणि पाते खाणारा. त्यास मराठीत गंज म्हणतात. दुसरा काळसर निळा, घट्ट आणि पात्यास चिकटून राहणारा. त्यास मराठीत सर्वमान्य नाव नाही. 'पाते काळे पडले' एवढेच म्हटले जाते. इटालियन भाषेतून युरोपातील इतर भाषांत पसरलेला 'पॅटिना' हा शब्द तांब्याकांस्यावरील जुन्या थरासाठी आणि पुढे इतर धातूंवरील थरासाठीही वापरला गेला. या निबंधापुरता त्यासाठी 'कळा' हा शब्द योजला आहे. मुखकळा, अवकळा, प्रेतकळा या शब्दांत आतील स्थितीचे बाहेर उमटलेले रूप हा अर्थ आहेच. तोच येथे अभिप्रेत आहे.

प्रतिपादन थोडक्यात असे की, गंज ही पाते पडून राहिल्याची खूण आहे आणि कळा ही ते वापरात असल्याची. गिरणगावातील स्त्रियांच्या श्रमाची लेखी नोंद फार तुटपुंजी आहे. अशा ठिकाणी झिजलेले व काळवंडलेले पाते हे इतिहासाचे एक साधन ठरते, आणि ते घासून लख्ख करणे म्हणजे कागदावरील अक्षरे पुसून कागद जतन करण्यासारखे आहे.

२

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे स्थापन केली. १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील अर्धशतकात भायखळ्यापासून परळपर्यंत आणि शिवडीपासून डिलाईल रोडपर्यंत गिरण्या व चाळी यांचा जो पट्टा उभा राहिला, त्याच्या मध्यभागी लालबाग आहे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले पुरुष एकेका खोलीत गटागटाने राहत. बायकामुले पुष्कळदा गावी असत. या एकट्या पुरुषांच्या जेवणाची व्यवस्था खाणावळींनी केली आणि त्या खाणावळी प्रामुख्याने स्त्रियांनी चालविल्या. गिरणीतील पाळीच्या वेळेवर डबा तयार असावा लागे. म्हणजे भोंगा पुरुषासाठी वाजत असला तरी त्यावर चालणारे घड्याळ चुलीपाशीही होते.

या व्यवस्थेविषयी कागदोपत्री काय आढळते? मुंबई सरकारचे मजूर कार्यालय १९२१ साली स्थापन झाले आणि मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहणीचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. अशा पाहण्यांतून अन्न, इंधन, कापड व घरभाडे यांवर कुटुंब काय खर्च करी हे समजते. कामगाराने किती कांदा विकत घेतला याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. तो कांदा कोणी, कशावर आणि किती वेळ जमिनीवर बसून चिरला, हे मात्र त्यातून समजत नाही. खाणावळ चालविणाऱ्या स्त्रिया संघटित स्वरूपात सार्वजनिक नोंदीत आल्या त्या १९७५ साली, प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा. गिरणगावातील माणसांच्या तोंडच्या आठवणी संगृहीत करणारा मीना मेनन व नीरा आडारकर यांचा मोठा ग्रंथ तर २००४ सालचा आहे. पहिल्या गिरणीपासून दीडशे वर्षांचा हा काळ लक्षात घेतला, म्हणजे स्वयंपाकघरातील श्रमाचा पुरावा वस्तूंतच शोधणे का अपरिहार्य आहे हे ध्यानात येईल.

३

त्या वस्तूंपैकी विळीचा वापर इतर सुऱ्यांहून निराळा आहे. सुरी हातात धरून पदार्थावर चालवितात. विळीचे पाते स्थिर असून पदार्थ त्यावर चालवितात. पाट पायाखाली किंवा गुडघ्याखाली दाबलेला असल्याने दोन्ही हात मोकळे राहतात. त्यामुळे पात्याचा जो भाग हाताच्या सवयीच्या टप्प्यात येतो, तोच रोज कापतो, तोच रोज भिजतो आणि तोच पुन्हापुन्हा धारेला लागतो. पात्यावरील खुणा सर्वत्र सारख्या का नसतात, याचे कारण येथे आहे.

आता थरांकडे वळू. लोखंड, प्राणवायू व पाणी यांच्या संयोगाने गंज निर्माण होतो. त्याला मूळ धातूहून कितीतरी अधिक जागा लागते. त्यामुळे तो फुगतो, सुटतो आणि खालचा कोरा धातू पुन्हा हवेपुढे उघडा पाडतो. गंज पात्याचे रक्षण करीत नाही, तो पुढच्या गंजाला वाट करून देतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांपलीकडे गेली की ही क्रिया वेगाने वाढते. मुंबईच्या पावसाळ्यात ती मर्यादा दिवसचे दिवस ओलांडलेली असते. त्यात समुद्राकडील खारी हवा आणि मासळीचे मीठ यांची भर पडते. मिठातील क्लोराइडामुळे गंज पृष्ठभागावरच न थांबता पात्यात बारीक खड्डे पाडतो. मासळी चिरल्यानंतर पाते त्याच क्षणी धुऊन, कोरडे करून, तेलाचे बोट फिरवून ठेवण्याची रीत रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक होती.

कळेचे रसायन वेगळे आहे. कैरी, चिंच, लिंबू यांतील आम्ल, कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये आणि कच्चे केळे, केळफूल, आवळा यांतील कषाय रस पात्याशी संयोग पावतात. लोखंडाची काळी संयुगे आणि लोखंड व टॅनिन यांचा निळसर काळा संयोग मिळून एक पातळ थर तयार होतो. हा थर पात्याला धरून राहतो आणि पाणी व हवा यांची वाट काही प्रमाणात अडवितो. तो अभेद्य नसतो. तीव्र आम्लाने तो उतरतो आणि ओलसर राहिल्यास त्यावरही गंज येतो. तरीही कळा चढलेले पाते कोऱ्या पात्याहून सावकाश गंजते आणि त्याने चिरलेल्या कैरीस लोखंडाचा दर्प कमी येतो. आडकित्त्याच्या पात्यांवर असा थर विशेष दाट आढळतो, कारण सुपारी टॅनिनने समृद्ध असते.

येथे एक साम्य नोंदविण्यासारखे आहे. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई केली जाई. हिरड्यात टॅनिन आहे आणि हिराकस हे लोखंडाचे लवण आहे. म्हणजे दप्तरातील त्या शाईचा आणि विळीच्या पात्यावरील काळेपणाचा रासायनिक पाया एकच आहे. कारकुनाने लिहिलेले दप्तर इतिहासकाराने वाचले; तेच द्रव्य स्वयंपाकघरात रोज लिहिले जात होते, त्यास वाचक मिळाला नाही.

४

मराठी भाषेने या सर्व व्यवहाराची जी नोंद ठेवली आहे ती सूक्ष्म आहे. सुरा–सुरी, विळा–विळी, कोयता–कोयती या जोड्या पाहाव्यात. पुल्लिंगी रूप मोठ्या हत्याराचे, स्त्रीलिंगी रूप लहान हत्याराचे. विळा शेतातील, विळी चुलीपुढची. लिंगभेदाने मराठीत आकार दर्शविला जातो हे व्याकरणात सांगितलेच जाते. येथे त्याच भेदाने कामाची जागा आणि काम करणाराही पुष्कळ अंशी दर्शविला गेला आहे. शेतातला विळा धारेला लागलेला चार लोकांना दिसतो, विळीचे काम घराच्या उंबऱ्याआड होते. दक्षिण कोकणात व गोव्यात याच वस्तूस आदोळी, आडाळो अशी नावे आहेत. कोकण आणि देश दोन्हींकडील कुटुंबे लालबागच्या एकाच चाळीत आल्याने हे शब्द एकाच माळ्यावर शेजारी नांदले.

पोलादासाठी मराठीत जुना शब्द 'तिखे' हा होय. संस्कृत रसशास्त्रात लोहाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील 'तीक्ष्ण' पासून तिखे हा शब्द आला. त्याच 'तीक्ष्ण' पासून तिखट हाही शब्द आला आहे. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात वर्षाच्या तिखटासाठी मिरची निवडली जाते तेव्हा, आणि घरी विळी धारेला लावली जाते तेव्हा, एकाच शब्दाच्या दोन शाखा वापरात असतात. फारसीतून आलेल्या 'पोलाद' या शब्दाने तिखे मागे सारले गेले. परंतु पोलाद हा शब्द तलवारीच्या आणि यंत्राच्या बाजूला राहिला. घरातील विळी पोलादी पात्याची असूनही बोलण्यात 'लोखंडी'च राहिली.

धारेचे शब्द पाण्याचे आहेत. तापलेले पाते पाण्यात बुडवून कठीण करणे म्हणजे 'पाणी देणे'. 'पाजवणे' म्हणजे धार लावणे; त्यातही पिण्याचीच कल्पना आहे. ज्याच्या अंगी तेज आहे तो माणूस 'पाणीदार'. ज्या पाण्याने धार येते तेच पाणी पात्यावर राहिले तर गंज आणते. पाणी द्यावयाचे कधी आणि पुसावयाचे कधी, एवढ्यात विळीच्या निगराणीचे सारे शास्त्र सामावले आहे.

गंजासाठीचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. गव्हावर पडणारा रोग तांबेरा. त्यात रंग प्रमाण मानला आहे. 'जंग' हा शब्द फारसी आहे. जंग आणि गंज यांतील वर्णांची अदलाबदल पाहता वर्णविपर्ययाचे अनुमान सुचते, परंतु ते अनुमान म्हणूनच नोंदवावे. हिंदीत गंजास 'मोरचा' असेही म्हणतात. त्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ लहान मुंगी असा आहे. मुंगी पोखरते तसा गंज पोखरतो, ही कल्पना त्यामागे दिसते. लालबागमध्ये मात्र मोर्चा म्हटले की रस्त्यावर उतरलेले कामगारच डोळ्यांपुढे येतात. तो शब्द तटबंदी व खंदक या अर्थाच्या दुसऱ्या फारसी शब्दाशी संबद्ध आहे. उच्चार जवळचे, इतिहास भिन्न.

मराठीत गंजणे हे क्रियापद माणसालाही लागते. हात गंजतात, बुद्धी गंजते. ती वापरात नसल्यामुळे. झिजणे हेही माणसाला लागते, पण आदराने. चंदन झिजते तसा माणूस दुसऱ्यासाठी झिजतो. गंजण्यापेक्षा झिजणे बरे, असे म्हणण्याचा प्रघात त्यामुळेच पडला. या वचनात जणू दोनच गती सांगितल्या आहेत. विळीचे पाते तिसरी गती दाखविते. रोजच्या वापराने ते झिजते हे खरे, परंतु त्याच वापराने त्यास रक्षण करणारा थरही मिळतो. या तिसऱ्या गतीला भाषेने नाम दिले नाही, याचे कारण तिच्याकडे पाहण्याचा प्रसंग लिहित्या हातांना क्वचितच आला.

५

मुंबईचे नाव पोलादाच्या जागतिक इतिहासात एकदा ठळकपणे आले आहे, तेही एका गैरसमजासह. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील मुंबईचे वैद्य हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे हिंदी पोलादाचे नमुने पाठविले. त्यांवरील जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते आणि तेथे त्यास 'वुट्झ' म्हणतात असे म्हटले आहे. वस्तुतः मुंबई हे पाठवणीचे ठिकाण होते. मुशीतील पोलाद तयार होई ते दक्षिणेत. वुट्झ हे रूप कानडीतील 'उक्कु' या शब्दाचा अपभ्रंश असावा असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे एका अपपाठाने शास्त्रीय परिभाषेत कायमचे स्थान मिळविले.

या पोलादाच्या कुतूहलातूनच मायकेल फॅरडे व जेम्स स्टोडार्ट यांनी १८२० च्या सुमारास पोलादाच्या मिश्रणांचे प्रयोग केले. १८२१ साली फ्रान्समध्ये प्येर बर्त्ये यांनी क्रोमियम मिसळलेले लोखंड आम्लाला दाद देत नाही हे दाखविले. १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले आणि त्यापासून सुऱ्या होऊ लागल्या. ब्रिअर्ली यांचा शब्द 'न गंजणारे' अशा अर्थाचा होता. सुऱ्या करणाऱ्या कारागिराने 'डाग न पडणारे' अशा अर्थाचा शब्द सुचविला आणि तो रूढ झाला. हा बदल सूचक आहे. पहिल्या शब्दात पात्याचा नाश टाळण्याची चिंता आहे, दुसऱ्यात पाते कसे दिसते याची. नव्या पोलादाने गंजाबरोबर कळाही नाहीशी केली. क्रोमियमचा अदृश्य थर पात्याचे रक्षण करतो, परंतु त्यावर वापर उमटत नाही.

मराठीत याचा भाषिक परिणाम मोठा झाला. 'स्टील' हा शब्द आता स्टेनलेस स्टीलपुरताच उरला आहे. जुन्या कपड्यांवर बोहारीण जे भांडे देते ते 'स्टीलचे'. आणि खरोखरीचे कर्बयुक्त पोलाद मात्र 'लोखंड'. शब्दाच्या या सरकण्याबरोबर वस्तूची प्रतिष्ठाही सरकली. काळे पाते दारिद्र्याचे आणि अस्वच्छतेचे चिन्ह ठरले. गंजलेल्या पात्याने कापले की धनुर्वात होतो या समजानेही त्यास हातभार लावला. धनुर्वाताचे कारण गंज नसून मातीत व घाणीत आढळणारे जंतू होत. आणि कळा तर गंजही नव्हे.

दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभाचे उदाहरण येथे तुलनेसाठी घेता येईल. सुमारे सोळाशे वर्षे तो उभा आहे, आणि त्याच्या लोखंडातील स्फुरदामुळे तयार झालेला थर त्याचे रक्षण करतो असे धातुशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. त्या थरावर संशोधन झाले, त्याचा राष्ट्राला अभिमान वाटला. स्वयंपाकघरातील पात्यावर रोज तयार होणाऱ्या थराच्या वाट्याला मात्र राख आणि काथ्या आले.

६

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि गिरणगावाची रचनाच बदलली. पुष्कळ कुटुंबे गावी परतली. पाळीच्या वेळेवर चालणाऱ्या खाणावळींचा आधार तुटला. चाळींच्या जागी इमारती आल्या. जमिनीवरील चुलीची जागा ओट्याने घेतली आणि बसून चिरण्याची जागा उभ्याने चिरण्याने. विळी ओट्यावर बसत नाही. ती प्रथम माळ्यावर गेली, तेथे गंजली आणि अखेरीस भंगाराच्या तराजूत वजनाने मोजली गेली.

जी पाती शिल्लक आहेत, ती पुराव्यादाखल कशी वाचावीत? येथे सावधगिरी अवश्य आहे. कळा थोड्या दिवसांत चढते आणि एकदा घासल्याने उतरते; म्हणून तिच्यावरून पात्याचे वय ठरविता येणार नाही. कळा ही पात्याची अल्पकालीन स्मृती होय. दीर्घकालीन स्मृती आकारात असते. धारेला लावून लावून पाते अरुंद होते. ज्या भागावर काम अधिक, तेथे त्याच्या कडेला पोट पडते. मिठाचे खड्डे धार लावल्यानेही पूर्णपणे जात नाहीत. पाट नवा आणि पाते जुने, किंवा याच्या उलट, असेही पुष्कळदा असते. लोहाराने मोटारीच्या जुन्या कमानीच्या पाट्यातून पाते घडविले असेल तर त्याचा इतिहास गिरणगावाबाहेर सुरू झालेला असतो. आकार, खड्डे, कळा आणि गंज हे चार पुरावे एकत्र ठेवूनच निष्कर्ष काढावयास हवा, आणि त्यास वापरणाऱ्या स्त्रीच्या शब्दांची जोड हवी.

दि. ग. केळकर यांनी १९२० च्या सुमारास सुरू केलेल्या आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनास अर्पण केलेल्या पुण्याच्या संग्रहाने घरगुती वस्तूंना संग्रहालयात मानाचे स्थान मिळवून दिले. आडकित्ते, दिवे, भांडी यांतील कारागिरी त्यामुळे जगापुढे आली. तथापि विळीचे महत्त्व तिच्या नक्षीत असेल तेथे ते सहज ओळखले जाते. बिननक्षीच्या, अरुंद झालेल्या काळ्या पात्यात ते ओळखण्याची दृष्टी अजून घडावयाची आहे. असे पाते हाती आले म्हणजे प्रथम ते कोरडे करावे, सुटा गंज मऊ कुंचल्याने काढावा आणि काळा थर तसाच राहू द्यावा. पात्याची रुंदी मूठभर अंतराने मोजून लिहावी. त्यावर काय चिरले जाई, धार कोठे लावली जाई, पावसाळ्यात ते कसे ठेवले जाई आणि या प्रत्येक क्रियेला घरात कोणता शब्द होता, हे विचारून नोंदवावे. यांपैकी शेवटची नोंद सर्वांत निकडीची आहे. पाते माळ्यावर आणखी वीस वर्षे टिकेल; ते शब्द उच्चारणाऱ्या स्त्रिया आज वृद्ध आहेत.